शिबिराला पाठवू की शिवारात नेऊ?

वाचकांचं पत्र

नमस्कार. आम्ही शहापूरला राहतो. हे उद्यमबागेत एका फाउंड्रीत आहेत, मी घरी शिकवण्या घेते. मुलगा चौथीत गेला, मुलगी पहिलीत. अख्खी सुट्टी दोघांनी मोबाइलवर काढली. मला फार वाईट वाटतं, कारण आमच्या लहानपणी आम्ही दिवसभर बाहेरच असायचो. मध्यंतरी एका निसर्ग शिबिराची जाहिरात पाहिली. दोन दिवस जंगलात, तंबूत राहणं, पक्षी बघणं. दोघांचे पैसे आम्हाला जड जातील, पण मुलांसाठी म्हणून भरू असं मनात आहे. सासूबाईंचा विरोध आहे. पावसात साप-किरडू, चिखल, ताप, कशाला हवं म्हणतात. गुडघेदुखीमुळे त्या स्वतः फारशा बाहेर पडत नाहीत. मला स्वतःला कावळा-चिमणीपलीकडे पक्षी ओळखता येत नाहीत, झाडांचं तर विचारूच नका. शिबिराला पाठवू का? की आपणच कुठे न्यावं? नेलं तर काय दाखवावं? जाता जाता सांगते, सासूबाई खानापूरच्या जंगलाकडच्या जांबोटी भागातल्या खेड्यात वाढल्या, त्यामुळे त्यांना जंगलाचं भय जरा जास्तच आहे.
— एक आई, शहापूर, बेळगाव

उत्तर

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही अगदी शेवटी लिहिलीत. ज्या घरात जांबोटीकडची आज्जी आहे, त्या घराला निसर्ग दाखवणारं माणूस बाहेरून आणायची गरज नाही. सासूबाईंना जंगल ठाऊक आहे, म्हणूनच त्याचं भय आहे. त्यांचा विरोध मोडून काढू नका. त्यांनाच पुढे घाला.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं, की यंदा शिबिराचे पैसे भरू नका. त्याऐवजी घराजवळचं एक शिवार निवडा आणि तिथेच वर्षभर जात राहा. दरवेळी नवी जागा शोधू नका. दोन दिवसांच्या शिबिरात मुलांना पुष्कळ काही दिसतं, पण ते सगळं एकदमच दिसतं आणि त्याचं नाव दुसरंच कुणीतरी सांगून टाकतं. बांध मे महिन्यात कसा भेगाळलेला होता, जुलैत त्याच्यावर पाणी कुठवर चढलं, सप्टेंबरात तिथं कोणतं फूल आलं आणि डिसेंबरात तिथंच मसूर कशी उभी राहिली, हे ज्या मुलानं स्वतः बघितलंय त्याला ऋतू पाठ करावे लागत नाहीत. एकच जागा पुन्हा पुन्हा बघितल्याशिवाय बदल दिसत नाही, आणि बदल दिसला नाही तर मुलाला प्रश्न पडत नाहीत.

तुम्ही शहापूरला राहता ही तर चैनच आहे. शहापूर, वडगाव, येळ्ळूरचं शिवार तुमच्या दारातून चालत जाण्याइतकं जवळ आहे. ओळखीतल्या कुणाचं शेत असेल तर उत्तम, नसेल तर एखाद्या शेतकरी मामांना विचारा. मुलं बांधावरूनच चालतील, पिकात पाय घालणार नाहीत, एवढं कबूल केलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. सासूबाईंना रिक्षानं शिवाराच्या तोंडापर्यंत न्या आणि एखाद्या झाडाखाली खुर्ची टाकून बसवा. मुलं हिंडून सापडलेलं त्यांच्याकडे घेऊन येतील. एकच खबरदारी घ्या. बळ्ळारी नाल्याच्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नका, शहराचं सांडपाणी त्यात येतं. नाला दुरून जरूर दाखवा. आपल्या न्हाणीतलं पाणी कुठे जातं हे मुलांना कळलं पाहिजे, आणि त्यावरून त्यांनी तुम्हाला अडचणीचे प्रश्न विचारले तर उत्तम.

कधी जायचं, तर त्याचं वेळापत्रक तुमच्या भिंतीवर टांगलेलंच आहे. पंचांगातली पावसाची नक्षत्रं बघा. मृग साधारण 7 जूनला लागतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त. एकेक नक्षत्र तेरा-चौदा दिवसांचं, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत नऊ फेऱ्या होतात. प्रत्येक नक्षत्रात एक रविवार, सकाळचे दोन तास, एवढंच. पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस यांत काय फरक असतो, ते आज्जीला विचारू द्या. मग तो खरोखर तसा पडतो का, ते मुलाला मोजू द्या. मोजायचं साधन घरीच होतं. प्लास्टिकची सरळ बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नसराळ्यासारखा बसवायचा, तळाला गोटे घालून ते बुडतील इतकं पाणी ओतायचं आणि त्या पाण्याच्या रेघेवर पट्टीचा शून्य धरायचा. रोज सकाळी एकाच वेळी किती मिलिमीटर भरलं ते लिहायचं आणि बाटली पुन्हा शून्यावर आणायची. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. चौथीतल्या मुलाला गच्चीचं क्षेत्रफळ काढून हा हिशेब करता येतो. गच्चीवर एका रात्रीत किती घागरी पडल्या हे कळलं की तो कुणी न सांगता रोज उठून बाटली बघायला जाईल.

आता काय दाखवायचं ते सांगते. मृगाच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर मिरगाचा किडा शोधा, तो लालभडक मखमली. तुमच्याकडची माती काळी, तिथे तो नाही दिसला तर हिंडलगा, उचगावकडच्या लाल मातीच्या माळावर बघा. हा वर्षातले बरेच दिवस जमिनीखाली असतो, पाऊस पडला की थोडे दिवस वर येतो आणि दुसऱ्या किड्यांची अंडी खातो, म्हणजे शेतकऱ्याच्याच कामाचा. तळहातावर चालू द्या, पाय मोजू द्या. आठ भरतील, म्हणजे हा कोळ्याच्या नात्यातला. मग जिथून उचलला तिथेच सोडायचा. काडेपेटीत भरून घरी आणायचा नाही, यावर ठाम राहा.

त्याच दिवसांत शेतातले गायबगळे बघा. एरवी पांढरेशुभ्र असणारे हे पक्षी पावसाळ्यात डोक्यावर, मानेवर, पाठीवर नारिंगी होतात, कारण त्यांचा विणीचा हंगाम सुरू झालेला असतो. ओळखायला पुस्तक लागत नाही. नांगराच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे ते का चालतात, हे मुलांना बघून बघून सापडू द्या, तुम्ही सांगू नका.

मुलांना सगळ्यात जास्त गुंतवून ठेवेल ती सुगरण. विहिरीवर वाकलेली बाभूळ किंवा शिंदीचं झाड शोधा आणि जूनच्या अखेरीपासून दर फेरीला तिथे पंधरा मिनिटं थांबा. घरटं नर विणतो. डोक्यावर पिवळी टोपी असलेला तो पक्षी भाताच्या किंवा गवताच्या पानाला एका बाजूला चोचीनं खाच देतो आणि उडता उडता लांब चिरफळी ओढून काढतो. आधी फांदीला गाठ मारतो, मग एक कडं करतो, मग एका बाजूनं फुगवत नेतो. अर्ध्यावर ते घरटं टोपीसारखं दिसतं, तेव्हा तो पंख फडफडवत ओरडत सुटतो. मादी येते, आत शिरून बघते. पसंत पडलं तर पुढचं बोगदा असलेलं घर पुरं होतं. नाही पडलं तर ते अर्धवट घर तसंच लोंबकळत राहतं. एक घर पुरं व्हायला सुमारे अठरा दिवस लागतात, म्हणजे तुमच्या एका फेरीपासून पुढच्या फेरीपर्यंत फरक स्पष्ट दिसणार. किती घरं अर्धवट राहिली आणि किती पुरी झाली, हे मुलीला बोटांवर मोजता येईल. ओलं घरटं खाली पडलेलं मिळालं तर त्याच्या आत चिकटवलेले चिखलाचे गोळे बघा. झाडावरचं घरटं मात्र काढायचं नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी-घरट्यांनाही संरक्षण आहे, हे मुलांना कळलेलं बरं.

आज्जीचा खरा धडा रानभाज्यांचा. तायकिळा, कुर्डू, भारंगी, कुड्याची फुलं यांतलं कोवळं कसं खुडायचं हे त्यांच्या हाताला माहीत आहे. त्या खुडताना मुलांना शेजारी बसवा. तायकिळ्याचं एक रोप कुंडीत लावून संध्याकाळी बघा, पानं मिटतात. सांडपाण्याच्या कडेची किंवा औषध फवारलेल्या बांधावरची भाजी घ्यायची नाही. आणि अळंबी मुलांनी फक्त बघायची. वारुळावर उगवणारी खायची अळंबी आज्जीला ओळखता येत असेलही, पण मुलांना "ही चालते" असं शिकवू नका. लहान मुलाची ओळख चुकायला वेळ लागत नाही आणि विषारी अळंबीवर घरगुती उतारा नाही.

सणांना वेगळं काही करायला नको. मातीचे बैल करायचे तर माती मुलांनीच आणायची, नागपंचमीला वारुळाजवळ गेलात तर ते मुळात वाळवीनं बांधलंय हे सांगायचं. गौरीला तेरडा विकत न घेता बांधावरून आणायचा. सासूबाईंच्या माहेरी गणपतीपुढे माटोळी, म्हणजे रानफळा-फुलांची वर टांगलेली आरास, बांधत असतील तर त्यातल्या रानफळांची नावं त्यांच्याकडून लिहून घ्या, ती आज घरोघर विसरली जातायत. कळलावीचं फूल मात्र लहानांच्या हाती देऊ नका, तिचा कंद जहाल विषारी असतो.

भात कापलं की बरेच लोक निसर्गाचं दप्तर बंद करतात. आपल्याकडे खरी मजा तेव्हाच सुरू होते. शहापूर-येळ्ळूरच्या काळ्या रानात भातामागून मसूर, हरभरा, वाटाणा येतो. शेतकरी मामांना विचारून मसुरीचं एक रोप मुळासकट अलगद उपटा आणि मुळं पाण्यात हलवून धुवा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. एक गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-तांबूस निघाली तर ती जिवंत, कामावर असलेली गाठ. त्यात राहणारे जिवाणू हवेतला नत्र पिकाला मिळवून देतात, तो गुलाबी रंग त्याच कामासाठी लागणाऱ्या द्रव्याचा. गाठ आतून हिरवट किंवा करडी निघाली तर तिचं काम संपलेलं. भाताच्या मागे कडधान्य का, हे आपल्या शेतकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, त्याचं कारण तुमच्या मुलाला नखाच्या टोकावर बघायला मिळेल. आणि थंडीत सकाळी हरभऱ्याच्या शेंड्यावरून बोट फिरवून जिभेला लावा. ती आंबट चव म्हणजे हरभऱ्याची आंब. पानांवरच्या बारीक लवेतून हे आम्ल पाझरतं आणि किडीला ते नकोसं होतं. फवारणी झालेली नाही एवढी खात्री आधी करून घ्या. पूर्वेकडच्या तालुक्यांत कुणी नातेवाईक असतील तर येळ्ळ अमावास्येला, म्हणजे थंडीतल्या शेतपूजेच्या सणाला, त्यांच्या रानात जाऊन या. शेतात बसून जेवायचं आणि पिकात चरग, म्हणजे नैवेद्याचं अन्न, टाकायचा, मुलं तो दिवस विसरत नाहीत.

फेब्रुवारी-मार्चात पळस, पांगारा, सावर फुलते. त्या झाडाखाली अर्धा तास बसलात तरी साळुंक्या, सूर्यपक्षी, खारी सगळे हजेरी लावतात. टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोतली जुनी झाडंही बघण्यासारखी आहेत. एप्रिल-मेमध्ये सकाळी साडेसहाला निघून नऊच्या आत परत या. बाजारात करवंदं घेऊन बसलेल्या खानापूरकडच्या मावश्यांकडून करवंदं घ्या आणि ती कुठल्या माळावरची, यंदा कमी का, हे मुलांनाच विचारू द्या.

तुम्ही शिकवण्या घेता म्हणून एक मुद्दाम सांगते. या फेऱ्यांची प्रश्नोत्तरं करू नका, "आज काय शिकलास" असं विचारू नका, निबंध लिहायला लावू नका. वही ठेवावीशी वाटली तर तारीख, नक्षत्र आणि एक चित्र, बस. तुम्हाला पक्ष्यांची नावं येत नाहीत, हे मला तुमचं बलस्थान वाटतं. आईला नाव माहीत असलं की मूल नाव ऐकून पुढे जातं. आईलाच माहीत नसलं की दोघं मिळून बघतात, शेपूट हलवतो का, चालतो की उड्या मारतो, एकटाच आहे की थव्यात. नाव घरी आल्यावर शोधा. तुमच्या यजमानांच्या फोनवर मर्लिन नावाचं फुकट ॲप घालून ठेवा, ते आवाजावरूनही पक्षी सुचवतं. शिवारात असताना फोन तुमच्या पिशवीत राहू द्या, तुमचासुद्धा.

आता सासूबाईंच्या भीतीबद्दल. ती रास्त आहे, तिला मान द्या. पावसात बांधावर चालताना पायात बूट, हातात काठी, आणि काठी आपटत चालायचं. गवतात, दगडाखाली, बिळात हात घालायचा नाही. साप चावलाच तर दोरी आवळायची नाही, चिरा द्यायचा नाही, तोंडानं रक्त ओढायचं नाही. अंगठी, बांगडी, पैंजण काढायचे, तो हात किंवा पाय हलू न देता थेट मोठ्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. पायाला जखम असेल तर त्या दिवशी चिखलात उतरायचं नाही, उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. आणि उन्हाळ्यातल्या जंगलाबद्दल एक गंभीर गोष्ट. माकडताप 1957 साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, आणि अलीकडे तो आपल्या शेजारच्या सत्तरी, दोडामार्गपर्यंत आलेला आहे. तो गोचिडीतून पसरतो आणि त्याचा जोर हिवाळा संपता संपता ते मेपर्यंत असतो. त्या दिवसांत घाटाकडच्या रानात मुलांना नेऊ नका. जावंच लागलं तर अंगभर कपडे घाला, घरी आल्याबरोबर गरम पाण्यानं आंघोळ घालून काखा, मान, कान तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवा.

धबधब्यांचं मी वेगळं सांगते. पावसाळा आला की फोनवर धबधब्यांचे व्हिडिओ फिरतात आणि सगळं बेळगाव जांबोटी, चोर्ला, आंबोलीच्या रस्त्याला लागतं. मुलांना निसर्ग दाखवायची ती जागा नव्हे. किटवाडच्या धबधब्यावर आपल्या शहरातल्या चार मुली बुडून गेल्या, तो 2022 चा नोव्हेंबर होता, म्हणजे पूरही नव्हता. शेवाळलेला खडक आणि खालचा डोह यांना पाऊस चालू आहे की थांबलाय याच्याशी देणंघेणं नसतं. वनखात्यानं बंदी घातलेली असेल तिथे तर पाऊलही टाकू नका.

वर्षातून एक लांबची फेरी मात्र अवश्य करा, आणि ती कणकुंबीची करा. सप्टेंबरच्या अखेरीस किंवा दसऱ्याच्या सुट्टीत, पाऊस ओसरल्यावर, सकाळच्या बसनं. माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. सौंदत्तीला यल्लम्माला जाताना तुम्ही ओलांडता तीच ही नदी, पुढे कूडलसंगमला कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराला जाते. त्याच खानापूर तालुक्यात देगावच्या जंगलात म्हादई उगम पावते, ती पश्चिमेला वळते, गोव्यात तिची मांडवी होते आणि पणजीपाशी अरबी समुद्राला मिळते. मुलांनी पणजीचा पूल बघितला असेल तर त्याखालचं पाणी कुठून येतं ते त्यांना इथे सांगा. एकाच डोंगररांगेवर पडलेल्या पावसाच्या दोन वाटा दोन समुद्रांकडे जातात, हे नकाशावर कळत नाही, तिथे उभं राहून कळतं. देगाव भीमगड अभयारण्यात आहे, तिथे परवानगीशिवाय जायचं नाही.

वाटेत सासूबाईंच्या माहेरी थांबता आलं तर स्वच्छ ओढ्यातला एखादा खेकडा बघायला मिळेल. कुणा जाणत्याला तो नीट धरायला सांगा आणि पोटाखालची झडप बघा. अरुंद, टोकदार असेल तर नर, रुंद आणि गोल असेल तर मादी. पावसाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर मादीच्या त्या झडपेखाली कधी कधी पिल्लं दिसतात, मिरीएवढी, पण पुरती खेकड्याच्या रूपातली. अशी मादी लगेच पाण्यात सोडायची. हा नियम गावातली जाणती माणसं आजही पाळतात, आज्जीलाही तो माहीत असेल.

राहिली शिबिराची गोष्ट. मी शिबिरांच्या विरोधात नाही. वर्षभर शिवारात फिरून झाल्यावर मुलगा स्वतःहून म्हणाला तर पुढच्या वर्षी त्याला जरूर पाठवा, तोवर त्याच्याकडे विचारायला त्याचे स्वतःचे प्रश्न असतील. पैसे भरण्याआधी मात्र आयोजकांना विचारा, किती मुलांमागे एक मोठं माणूस असतं, वनखात्याची लेखी परवानगी आहे का, वाटाडे त्या गावचेच आहेत का, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, रात्री गाणी लावतात का. साप हातात देऊन फोटो काढतो असं कुणी कौतुकानं सांगितलं तर तिथूनच परत फिरा. मुलीला इतक्यात नको. पहिलीतलं लेकरू रात्री तंबूत आईला शोधणार, तिला दोनेक वर्षं तुमच्याबरोबर बांधावरच फिरू द्या.